आरोग्यकेंद्रातील एकाकी डॉक्टर

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण भागातून एका ठराविक साच्याची बातमी येऊ लागते. शेतावर किंवा घरात जमिनीवर झोपलेल्या कुणाला तरी साप चावतो. नातेवाईक त्याला प्राथमिक आरोग्यकेंद्रात नेतात. तेथून त्याला ‘पुढे पाठविण्यात येते’ आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वीच वाटेत त्याचा प्राण जातो. बातमीत रस्त्याची दुरवस्था येते, रुग्णवाहिकेला झालेला उशीर येतो, ग्रामस्थांचा संताप येतो आणि चौकशीचे आश्वासनही येते. मात्र ‘पुढे पाठविण्यात आले’ या तीन शब्दांपाशी कुणी थांबत नाही. रुग्णाला पुढे का पाठविले, पाठविण्यापूर्वी काय केले, आणि जे करणे शक्य होते ते का केले गेले नाही, हे प्रश्न बातमीबरोबरच विरून जातात.

हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडण्यात आला आहे. यांतील बहुसंख्य माणसे खेड्यांतील, शेतावर राबणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस आपल्याकडे उपलब्ध आहे आणि ती प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या कपाटात असावी, अशी अपेक्षाही आहे. अनेकदा ती तेथे असतेही. तरीही तिचा पहिला डोस न देताच रुग्णाला पुढे पाठविले जाते. याचे कारण वैद्यकक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. ही लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते आणि काही रुग्णांना तिची तीव्र प्रतिक्रिया येते; रक्तदाब एकाएकी उतरतो, श्वास कोंडतो. त्यावरचे औषध स्वस्त आहे, परिचित आहे आणि त्याच कपाटात आहे. परंतु मध्यरात्री, अंगणात पन्नास माणसे जमलेली असताना, मदतीला एक परिचारिका आणि एक शिपाई एवढेच मनुष्यबळ असताना, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या डॉक्टरच्या मनात एकच विचार येतो. साप चावल्याने रुग्ण गेला तर तो सापाने गेला. आपण सुई टोचल्यावर गेला तर तो आपण मारला. मग तो पुढे पाठविण्याची चिठ्ठी लिहितो.

या डॉक्टरला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्याने परीक्षेत याच विषयावरील उत्तर बिनचूक लिहिलेले असते. त्याच्यापाशी ज्ञान आहे, औषध आहे, अधिकारही आहे. नाही तो धीर. आणि धीर ही वस्तू पुस्तकातून किंवा परिपत्रकातून मिळत नाही; ती माणसाला माणसाकडून मिळते. त्या क्षणी ओळखीच्या एखाद्या अनुभवी वैद्याचा आवाज दूरध्वनीवर असता आणि तो म्हणाला असता, ‘लस सुरू करा, प्रतिक्रिया आली तर अमुक करा, मी फोनवर आहे,’ तर ती चिठ्ठी लिहिली गेली नसती; निदान लस दिल्यानंतर लिहिली गेली असती. आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची चर्चा इमारती, रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांभोवती फिरते. हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. परंतु चौथा प्रश्न, म्हणजे तेथे काम करणाऱ्या डॉक्टरचे व्यावसायिक एकाकीपण, या चर्चेत जवळजवळ येतच नाही.

सहकाऱ्यावाचून व्यवसाय

कोणताही बुद्धीचा व्यवसाय सहकाऱ्यांच्या सहवासावाचून नीट चालत नाही. तालुक्याच्या न्यायालयातील नवा वकील बाररूममध्ये बसतो; दुपारच्या चहावर ज्येष्ठांकडून त्याला जे मिळते ते कायद्याच्या पुस्तकात नसते. कचेरीतील कारकुनाला एखादी टिप्पणी कशी लिहावी हे अडले तर शेजारच्या टेबलावर विचारता येते. प्राथमिक शाळेतील शिक्षक दुर्गम वस्तीवर एकटा असला, तरी केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या निमित्ताने आपल्यासारख्याच दहा-वीस जणांना भेटतो. त्या परिषदा कशा चालतात याविषयी शिक्षकांच्या तक्रारी असतील. पण निदान भेटण्याची जागा आहे. प्राथमिक आरोग्यकेंद्रातील डॉक्टरला ना बाररूम आहे, ना शेजारचे टेबल.

महाविद्यालयात तो साडेपाच वर्षे अगदी उलट वातावरणात वाढलेला असतो. तेथे एकेका रुग्णाभोवती प्राध्यापक, व्याख्याते, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी यांचे कडे असते. कोणताही निर्णय एकट्याने घ्यावयाचा नसतो. तेथून त्याला एकदम अशा ठिकाणी नेमले जाते की, जेथे सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, हा शासकीय निकष आहे. नियमाप्रमाणे तेथे दोन वैद्यकीय अधिकारी असावयाचे. रात्रपाळीच्या वेळी प्रत्यक्षात एकच असतो, कधी दुसरे पदच रिकामे असते. बाह्यरुग्ण तपासणी, बाळंतपणे, लसीकरण, कुटुंबकल्याणाची शिबिरे, साथीची पाहणी, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्ष आणि अहवालांचा डोंगर हे सारे त्याच्याकडे. महिला डॉक्टर असेल तर रात्रीच्या सुरक्षिततेची चिंता आणखी. विषमज्वर म्हणून ज्याला औषध दिले तो खरोखर विषमज्वरच होता काय, हे विचारावे असे जवळपास कुणी नाही.

हा एकाकीपणा केवळ शासकीय डॉक्टरचा नाही. बाजारपेठेच्या गावात दवाखाना थाटून बसलेल्या खाजगी व्यावसायिकाची स्थितीही फार वेगळी नसते. त्याला भेटावयास नियमितपणे येतो तो औषध कंपनीचा प्रतिनिधी, आणि त्याच्या ‘निरंतर शिक्षणा’च्या सभेचा खर्चही पुष्कळदा तीच मंडळी उचलतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुणांक मिळविण्याची अट घातली आहे. अट योग्यच आहे. पण सभागृहात बसून ऐकलेले व्याख्यान म्हणजे सहकाऱ्याशी केलेली चर्चा नव्हे.

तीन खात्यांच्या भिंती

ही स्थिती कुणी जाणूनबुजून निर्माण केलेली नाही. किंबहुना मूळ कल्पना याच्या अगदी विरुद्ध होती. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात ग्रामीण आरोग्यकेंद्रांची योजना मांडली, तेव्हा प्राथमिक केंद्राच्या पाठीशी दुय्यम केंद्र असावे, आणि त्याने केवळ रुग्ण दाखल करून न घेता प्राथमिक केंद्रांच्या कामावर देखरेख आणि त्यात समन्वयही करावा, असे तिने सुचविले होते. प्राथमिक केंद्र हे एकटे उभे राहणारे खोपटे नव्हे, ते साखळीतील एक कडी आहे, हा त्या अहवालाचा गाभा होता. आपण पुढील दशकांत कड्या बनविल्या. त्या परस्परांत अडकविण्याचे काम तेवढे राहिले.

महाराष्ट्रात तर प्रशासनाच्या रचनेनेच त्या सुट्या ठेवल्या आहेत. प्राथमिक आरोग्यकेंद्र हे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत. तेथील डॉक्टरचा वरिष्ठ तालुका आरोग्य अधिकारी आणि त्याच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हे वैद्यकीय शिक्षण या वेगळ्याच खात्याकडे. रुग्णाचा प्रवास मात्र या तिन्ही हद्दी ओलांडून होतो. ज्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आरोग्यकेंद्राचा डॉक्टर वर्षभर रुग्ण पाठवितो, त्याला तो कदाचित एकदाही भेटलेला नसतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबेना म्हणून पाठविलेल्या बाईचे पुढे काय झाले, हेही त्याला कळत नाही; कळलेच तर गावातील लोकांकडून, किंवा ती दगावली असेल तर चौकशीच्या नोटिशीने. आपण वेळेवर पाठविले की उशिरा, जे औषध दिले ते योग्य होते की नाही, हे ज्याला कधीच कळत नाही, त्याचा अनुभव वर्षांनी वाढतो. शहाणपणाने वाढत नाही.

दरमहा डॉक्टरांची बैठक होत नाही असे नाही. तालुक्याला आणि जिल्ह्याला त्यांना हमखास बोलावले जाते. परंतु ती आढावा बैठक असते. लसीकरणाचे उद्दिष्ट किती, साध्य किती, अमुक अहवाल प्रलंबित का, याची झडती होते. त्या बैठकीत आकडे असतात, रुग्ण नसतो. माता मृत्यूच्या अन्वेषणाची पद्धत तरी खरे म्हणजे शिकण्यासाठीच योजलेली आहे. पण ज्याच्या हाती गोपनीय अहवाल लिहिण्याची लेखणी आहे त्याच्यासमोर आपली चूक कोण उघड करील? या बाबतीत इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून चाललेल्या माता मृत्यूंच्या गोपनीय चौकशीचे उदाहरण बोलके आहे. तेथे प्रकरणातील नावे वगळली जातात आणि प्रश्न ‘कुणाचे चुकले’ हा नसतो, ‘काय चुकले’ हा असतो.

अनुभव काय सांगतो

डॉक्टरांनी एकत्र बसून आपल्या रुग्णांविषयी बोलावे, यात नवीन काही नाही. १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिन्ट या हंगेरियन वंशाच्या मनोविश्लेषकाने सामान्य व्यावसायिकांचे छोटे गट जमविण्यास आरंभ केला. आठवड्यातून एकदा हे डॉक्टर जमत आणि मनात घर करून बसलेल्या एखाद्या रुग्णाविषयी, टिपणांवाचून, आठवेल तसे बोलत. रुग्णाचा रोग, त्याचे घर आणि त्याच्याविषयी डॉक्टरला वाटणारा राग, कंटाळा वा असहायता, या साऱ्याची चर्चा होई. १९५७ साली त्यावर बॅलिन्टचे पुस्तक निघाले आणि अशा गटांची प्रथा पुढे अनेक देशांत पसरली. रुग्णाला एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे पाठवीत राहिले म्हणजे अखेर त्याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही, हे निरीक्षणही त्याचेच. आपल्याकडील ‘पुढे पाठविण्या’ला ते तंतोतंत लागू पडते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको हे राज्य क्षेत्रफळाने साधारणपणे महाराष्ट्राएवढे. वस्ती मात्र अवघी २१ लाखांच्या आसपास, तीही विखुरलेली. तेथे हिपॅटायटीस-सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण शेकडो मैलांवरून विद्यापीठाच्या रुग्णालयात येत आणि महिनोन् महिने वाट पाहत. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘प्रोजेक्ट एको’ या नावाने एक साधी योजना सुरू केली. रुग्णाने तज्ज्ञाकडे येण्याऐवजी गावोगावचे डॉक्टर आठवड्यातून एकदा दूरदृश्य यंत्रणेवर तज्ज्ञांसह बसू लागले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडावयाचा, सर्वांनी त्यावर बोलावयाचे, उपचार मात्र त्याच गावात त्याच डॉक्टरने करावयाचे. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसून आले की, गावच्या डॉक्टरांकडे आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात बरे होणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, दोन्हीकडे सुमारे ५८ टक्के होते. त्या डॉक्टरांना नवी पदवी मिळाली नव्हती. त्यांना सोबत मिळाली होती.

सोबतीचे हे मोल महाराष्ट्राला अपरिचित आहे असेही नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे जे काम उभारले, त्यात गावोगावच्या, बहुधा निरक्षर अशा आरोग्यसेविका आठवड्याला जामखेडला जमत, आपापल्या गावातील अनुभव एकमेकींना सांगत आणि पुन्हा गावी परतत. त्यांचे धैर्य एकदाच दिलेल्या प्रशिक्षणातून आले नव्हते; ते या आठवडी भेटींतून आले. १९७४ साली सुरू झालेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ने खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना वार्षिक मेळावे आणि एक साधे पत्रक यांच्या आधारे परस्परांशी जोडून ठेवले. ही सारी कामे शासकीय चौकटीबाहेरची, ध्येयवादी माणसांनी केलेली. चौकटीच्या आत मात्र त्यांचे अनुकरण झाले नाही.

एकट्या डॉक्टरच्या कर्तृत्वाचे उदाहरण म्हणून डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव घेतले जाते आणि ते रास्तच आहे. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रात काम करीत असताना कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे हृदय निकामी होऊन आणि फुप्फुसांत पाणी भरून मरताना त्यांनी पाहिली, रात्रंदिवस रुग्णांजवळ बसून नोंदी केल्या आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांसाठी वापरले. त्यांचे निबंध १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कहाणीतून आपण बहुधा एकच बोध घेतो, तो म्हणजे जिद्द असली की आरोग्यकेंद्रातही संशोधन होते. वस्तुतः दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. ज्ञान केवळ महाविद्यालयातून खेड्याकडे वाहते असे नाही. खेड्यातील डॉक्टर जे पाहतो ते प्राध्यापकाने पाहिलेले नसते. असे पाहणारे आणखी किती डॉक्टर आपल्या निरीक्षणांसह बदली होऊन गेले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. असामान्य माणूस एकाकीपणावर मात करतो. व्यवस्था सामान्य माणसासाठी असावी लागते.

काय करता येईल

यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. पहिली गोष्ट, दरमहाच्या आढावा बैठकीचा अर्धा दिवस रुग्णचर्चेसाठी राखून ठेवावा. उपजिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ तेथे उपस्थित असावेत, प्रत्येक वेळी दोन-तीन आरोग्यकेंद्रांनी आपले रुग्ण मांडावेत, आणि त्या चर्चेची टिपणे कोणत्याही चौकशीत वापरली जाणार नाहीत, असा लेखी आदेश असावा. दुसरी गोष्ट, प्रत्येक आरोग्यकेंद्रासाठी बालरोग, स्त्रीरोग आणि सामान्य वैद्यक या विषयांतील एकेक तज्ज्ञ नावानिशी नेमून द्यावा. आरोग्यकेंद्राच्या डॉक्टरने त्याला एकदा प्रत्यक्ष भेटावे, आणि रात्री दूरध्वनी घेणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग मानावा. तिसरी गोष्ट, पाठविलेल्या प्रत्येक रुग्णाची परतचिठ्ठी आरोग्यकेंद्राकडे गेलीच पाहिजे. निदान काय ठरले, उपचार काय झाले, पाठविण्यापूर्वी काय करता आले असते, एवढ्या चार ओळी पुरेत. चौथी गोष्ट, नव्याने रुजू होणाऱ्या, विशेषतः बंधपत्राच्या वर्षासाठी येणाऱ्या तरुण डॉक्टरला पहिले काही महिने जवळच्याच केंद्रातील अनुभवी डॉक्टरशी जोडून द्यावे. उपकेंद्रांत २०१८ नंतर आलेले समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविका यांनाही या वर्तुळात घ्यावयास हवे. कारण त्यांचे एकाकीपण डॉक्टरपेक्षाही मोठे आहे.

यावर काही आक्षेप येतील. २०१९ साली सुरू झालेली ‘ई-संजीवनी’ आणि डॉक्टरांचे व्हॉट्सॲपचे गट असताना आणखी काय हवे, असे विचारले जाईल. दूरस्थ सल्ल्याची सोय स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यापलीकडील अनोळखी तज्ज्ञ दर वेळी वेगळा असेल तर सल्ला मिळतो, नाते जुळत नाही. आणि व्हॉट्सॲपचे गट हे प्रामुख्याने आदेश आणि स्मरणपत्रे यांनी भरलेले असतात. तेथे वरिष्ठांच्या देखत आपले अज्ञान कोण मांडणार? शिवाय रुग्णाची छायाचित्रे आणि कागदपत्रे तेथे फिरविणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग आहे.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. जे डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत त्यांचे एवढे लाड कशासाठी? केंद्रावर न थांबणारे डॉक्टर आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही आणि त्यांच्यावर कारवाई व्हावयासच हवी. परंतु एकाकीपण हेही न थांबण्याचे एक कारण आहे. जेथे शिकण्यासारखे काही उरत नाही, चुकले तर दोष आणि साधले तर मौन पदरी येते, तेथून बुद्धिमान माणूस निघून जातो. शिक्षेने डॉक्टरला जागेवर बसविता येईल; त्याचा हात रुग्णाच्या नाडीवर स्थिर राहावा यासाठी दुसरे काहीतरी लागते. रिक्त पदे आधी भरा, मग हे पाहू, असेही म्हटले जाईल. पदे अवश्य भरावीत; पण भरलेली पदे पुन्हा का रिकामी होतात, याचाही विचार त्याच वेळी करावा.

ग्रामस्थांनी आणि आपणा वाचकांनीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला, तरी प्रत्येक मृत्यूनंतर दवाखान्यावर चालून जाण्याची वृत्ती ओसरलेली नाही. अंगणात जमलेल्या जमावाची भीती जितकी मोठी, तितकी पुढे पाठविण्याची चिठ्ठी लवकर लिहिली जाते, आणि तिची किंमत अखेर आपल्याच माणसाला मोजावी लागते.

पुढच्या पावसाळ्यातही साप चावतील, बाळंतपणे अडतील आणि काही रुग्णांना खरोखरच पुढे पाठवावे लागेल. त्यात गैर काही नाही. परंतु ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वी लसीचा पहिला डोस शिरेत गेलेला असावा आणि पलीकडे कोणी ओळखीचा माणूस त्या रुग्णाची वाट पाहत असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. औषध कपाटात आहे, विद्या डोक्यात आहे. त्या दोहोंना जोडणारा धीर आरोग्यकेंद्रात पोहोचविण्याचे काम मात्र अजून कोणत्याही खात्याने आपले मानलेले नाही.